एजंटच्या हाती किल्ली

मिनाज तिसऱ्यांदा जळकोटला फोन लावत होती आणि शिवप्रसादला ते ऐकवत नव्हतं.

"दादा, नवं बटन दिसतंय का तुमाला? हिरवं. वरच्या अंगाला. न्हाय? बरं, ॲप बंद करून परत उघडा की. म्या थांबते."

धाराशिवच्या बसस्टँडमागं, खताच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत ही कंपनी चालायची. उसाची तोड कुणाच्या शेतात कधी लागणार, हे शेतकऱ्याला मोबाईलवर कळवणारं ॲप, एवढाच तिचा संसार. ॲपमधली कोणती सोय कोणत्या गावाला दिसावी, हे ठरवणाऱ्या कळांना फीचर फ्लॅग म्हणतात. मिनाज त्यांना बटनं म्हणायची. आठ वर्षं ही बाई बटनंच चालू-बंद करत बसली आहे, असं शिवप्रसादचं मत होतं. तेही कसं, तर आधी एका गावाला चालू, मग फोन, मग वाट बघणं, मग बाकीची गावं. शितावरून भाताची परीक्षा, म्हणे. भात करपला तरी हिची परीक्षा संपायची नाही.

तो स्वतः पुण्यात सहा वर्षं काढून आलेला. तेर भागातल्या बारा गावांच्या तोडीचा क्रम तो रोज सकाळी लावायचा, सर्व्हरवर चढवायचा आणि 'मिळाला' असं उमटलं की हात झटकून मोकळा. शेतकऱ्याला फोन करणं त्याला कमीपणाचं वाटे. ते ॲपसुद्धा त्याच्या मोबाईलवर नव्हतं. आपल्या घरी उसाचं कांडं नाही, मग ठेवायचं कशाला?

आणि त्यावाचून अडलं होतं कुठं? पूर्वी दिवसाला दहा तक्रारी यायच्या. गेल्या तीन आठवड्यांत त्याच्या बारा गावांतून एक आली नव्हती. परवा तेरच्या एसटीत बंडप्पा नावाचे ऊसवाले शेतकरी भेटले, तेही आपणहून म्हणाले, "आता लई बेस चाललंय बघा. तारीख चुकंना झाली." शिवप्रसादनं नुसती मान हलवली. अडाण्याच्या तोंडून का होईना, कौतुक ते कौतुकच.

सोमवारी मालक कल्याणप्पांनी दोघांना समोर बसवलं होतं. "पुढल्या महिन्यापासनं एकालाच ठेवणं जमंल. राग मानू नका." शिवप्रसादच्या डोळ्यांपुढं आधी आईच आली. पुण्याला परत जायचं म्हणजे गुडघे गेलेल्या उमाबाईंना तेरच्या घरात एकटं टाकायचं. मग मालक त्याच्याकडं वळले. "तो एजंट तेवढा फ्लॅगच्या सेवेला जोडून द्या. तुमच्याच हातानं होऊ द्या."

त्याचा जीव भांड्यात पडला. एआयचा हा एजंट दोन महिन्यांपूर्वी आणला होता, शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला. आता फ्लॅगही त्याच्याच हाती जाणार. मग मिनाजला काम काय उरणार, टेबलं पुसायचं? जोडून द्यायचं काम आपल्याकडं आलं, यात सगळं आलं.

गुरुवारी दुपारी त्यानं काळा पडदा उघडला. माऊसला हातही लावायचा नाही, सगळं हुकूम टाइप करून. मिनाजला ते दिसावं म्हणून त्यानं खुर्ची जरा सरकवून घेतली.

"मिनाजताई, फ्लॅगची किल्ली पाठवा."

अक्षर-आकड्यांची ती लांबलचक किल्ली फक्त तिच्याकडं आणि मालकांकडं होती. ते फ्लॅग शिवप्रसादनं आजवर कधी उघडून पाहिले नव्हते. मागितली असती तर किल्ली मिळालीही असती, पण बटनांची यादी वाचायची हौस कुणाला?

मिनाजनं किल्ली पाठवली. मग उठून त्याच्या टेबलाशी आली.

"शिवप्रसादसर, आधी नुसती यादी वाचून घ्या. एकट्यानं, सावकाश. जोडायचं-बिडायचं मंग बघू."

"यादी वाचायला माणसं लागायची, ते दिवस गेले."

"तरीबी वाचा. म्या मालकायला म्हणलं होतं, आधी सरांना..." ती थांबली. "वाचा एकदा. माझं ऐका."

दिवस ढकलायचा डाव, दुसरं काय. जायची वेळ आली की माणसाला सगळंच सावकाश हवं असतं. शिवप्रसादला तिची कीवसुद्धा आली नाही.

"मी ऐकायचं, आणि तुम्ही जळकोटला फोन लावायचा," तो म्हणाला. "असंच अजून आठ वर्षं काढायची का?"

मिनाज मागं वळली. जागेवर जाऊन बसली आणि ओढणीच्या टोकानं चष्मा पुसू लागली.

त्यानं पहिला हुकूम टाइप केला. दुसऱ्यात किल्ली चिकटवली. क्षणभर कर्सर लुकलुकला आणि पडद्यावर एजंटचं उत्तर आलं: 'जोडणी झाली. एकशे बारा फ्लॅग दिसत आहेत.'

आठ वर्षांचं काम दोन ओळींत आटोपलं. शिवप्रसादनं बोटं मोडली आणि मोठ्यानं वाचत टाइप केलं, "ज्या फ्लॅगची चाचणी यशस्वी झाली ते कायम कर. त्यामुळं जे जे वापराविना पडून आहे ते सगळं काढून टाक. कुणाला विचारू नकोस."

शेवटचं वाक्य त्यानं मिनाजकडं बघत वाचलं. तिनं मान खाली घातली होती. शिवप्रसादला वाटलं, रडते बहुतेक.

एंटर दाबल्यावर ओळी भराभर वर सरकू लागल्या. ढोकीची जुनी सूचना काढली. वजनकाट्याचं जुनं पान काढलं. कुठं अडखळणं नाही, कुणाला फोन नाही. काम असं असतं. शिवप्रसाद खुर्चीत मागं रेलून बघत राहिला. मग ओळी थांबल्या आणि शेवटची तेवढी पडद्यावर राहिली.

'तेर भाग, बारा गावं. तोडीचा क्रम माणसाऐवजी एजंट लावतो. चाचणी तेवीस दिवस, तक्रारी शून्य. कायम केलं. वापराविना पडून असलेलं काढलं: शिवप्रसाद यांनी रोज चढवलेले क्रम आणि त्यांचं लॉगिन.'