थेंबांची बाटली
“हॉस्पिटल सोडून घरोघरी नर्सिंग करशील, पण काही झालं तर खापर तुझ्याच डोक्यावर फुटेल,” असं हॉस्पिटलमधल्या जुन्या सिस्टरने तिला बजावलं होतं. या नर्सने ते हसण्यावारी नेलं. आज पेशंट आजोबांच्या मुलाने लाडीगोडी लावली. “ताई, बाबा डोकं खातात हो. झोपेचे थेंब दुप्पट द्या ना.” “डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय एकही थेंब जास्त नाही,” ती म्हणाली. “बरं बाई, राहिलं.” तो हसला. बाटली कपाटात ठेवून ती हात धुऊन आली, तेव्हा तिची बॅग घेऊन तो दारातच उभा होता. आपल्या घरी येऊन बॅग उघडते, तर तीच बाटली आत, रिकामी. मघाशी तर भरलेली होती. मुलाचा फोन बंद. ती उलटपावली निघालीय. तुम्ही आजोबांचे शेजारी असाल, तर दोष कोणाचा ते नंतर बघू. आधी त्यांचं दार वाजवा, ते बोलेपर्यंत हलू नका.