बटण नसलेली खिडकी

"बटण," लॅपटॉप म्हणाला. "बटण. बटण. बटण."

"अरे मेल्या, कसलं बटण ते तरी सांग की!" आत्या त्याच्यावर खेकसली.

भिंगरीनं घड्याळाकडे पाहिलं. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. चार वाजता आत्याला इस्पितळातून फोन येणार होता. तिथल्या औषधांची सगळी माहिती एका डेटाबेसमध्ये ठेवलेली असते, तो सांभाळायचं काम होतं. फोनवर एक प्रश्न देणार, आत्यानं तो आपल्या लॅपटॉपवर सोडवायचा. सुटला तर नोकरी.

तीन वर्षांपूर्वी आत्याचे डोळे गेले, आणि त्यांच्यामागोमाग नकाशे काढायची नोकरीही गेली. मग तिनं धडे कानांनी ऐकून ऐकून डेटाबेसची भाषा शिकून घेतली. मोबाइलवर बोटानं गिरवली. चाळीस ठिकाणी अर्ज केले, तेव्हा कुठे एका ठिकाणाहून "बघू या" असं उत्तर आलं होतं.

पडद्यावरचं वाचून दाखवणारा लॅपटॉपमधला आवाज म्हणजे आत्याचा पोपट. अक्षरं असली की पोपट घडाघडा वाचायचा. नुसती चित्रं असली की बिचारा "बटण" म्हणायचा आणि गप्प बसायचा.

आणि भिंगरीनं नेमकी चित्रांचीच खिडकी बसवली होती.

चांगले दोन दिवस खपून बसवली होती! होती नववीतच, पण शाळेत संगणक रुसला की बाईसुद्धा तिलाच हाक मारायच्या. तिनं इंटरनेटवरून डेटाबेस उतरवून घेतला, पासवर्ड दिला, तीनदा बंद पडला तो चौथ्यांदा चालू केला. इस्पितळानं पाठवलेली औषधांची नमुन्याची यादी आत भरली. मग आत डोकावून काम करायला सगळ्यांत देखणी खिडकी, म्हणजे तसा प्रोग्राम, शोधून काढली. निळीशार, गोल कोपऱ्यांची, प्रत्येक कामाला एक गोंडस चित्र. आत्याला चांगल्यातलं चांगलं मिळायलाच हवं! याच आत्यानं तिला अपूर्णांक शिकवले होते, सायकल शिकवली होती, आणि "एवढ्याशा पोरीला संगणक कशाला?" म्हणणाऱ्या घरातल्या सगळ्यांना पुरून उरली होती. त्या सगळ्याला एक झकास "थँक यू" म्हणायचं होतं. फक्त निवडताना आपण डोळ्यांनी निवडतोय, हे काही तिच्या ध्यानात आलं नाही.

"आत्या, मी शेजारी बसते. मी वाचते, तू टाइप कर."

"आणि सोमवारपासून? इस्पितळात पण बसशील, दप्तर घेऊन?"

भिंगरीनं धावतपळत दुसरी खिडकी उतरवली. "चित्र," पोपट म्हणाला. "बटण. चित्र." तिसरी उतरवली. तिच्यात तर पोपटानं तोंडच उघडलं नाही.

"पहिली निदान बोलत तरी होती," आत्या म्हणाली. ती हसवायला बघत होती. पण तिची बोटं एकमेकांत घट्ट अडकली होती.

पावणेचार झाले. निदान पहिली खिडकी तरी परत उघडावी म्हणून भिंगरीनं पडद्यावरच्या यादीतल्या तिच्या नावावर टिचकी मारली. घाईत ती पडली शेजारच्या नावावर. एक काळीकुट्ट खिडकी उघडली.

"सर्व्हरचं नाव," पोपट ठणठणीत आवाजात म्हणाला.

भिंगरी ती बंद करणार, तेवढ्यात आत्यानं तिचा हात धरला. "थांब! हे काय आहे?"

"काही नाही गं, चुकून उघडलं. डेटाबेसबरोबर आपोआप आलंय. ना चित्र, ना रंग. एक बटणसुद्धा नाही."

"बटण नाही?" आत्या ताठ बसली. "सरक बघू तिकडे."

तिनं नाव टाइप केलं. पासवर्ड टाइप केला. एक साधी ओळ लिहून पाहिली. पोपटानं ती जशीच्या तशी वाचली. खाली उत्तर आलं, तेही वाचलं. एक अक्षर गाळलं नाही. आत्याची बोटं अशी काही पळायला लागली की भिंगरी बघतच राहिली. ही साधीसुधी खिडकी ज्या कुणी न विसरता डेटाबेसबरोबर दिली होती, त्या अनोळखी माणसाला तिनं मनातल्या मनात दोन्ही हात जोडले.

चारला फोन आला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, या महिन्यात कोणती औषधं बाद होणार, आणि ती कुठल्या कपाटात आहेत? आत्यानं चार ओळी लिहिल्या. एक चुकली. पोपटानं चूक वाचली, तिनं ती दुरुस्त केली. अकरा औषधं, कपाटांसकट, तिनं फोनवर सांगितली. बाईंनी ती एकेक करून आपल्या यादीशी ताडून पाहिली.

"सोमवारी नऊला जमेल ना?" बाई म्हणाल्या.

फोन ठेवला आणि आत्यानं भिंगरीला असं काही आवळलं की तिचा चष्मा वाकडा झाला.

"तुझे उपकार कसे फेडू गं पोरी!"

"कसले उपकार? मी तर चुकीच्याच खिडक्या देत बसले होते," भिंगरी नाक ओढत म्हणाली. "सुंदर सुंदर बघून."

"आणि ही? हिच्यात काय दिसतं गं तुला?"

भिंगरीनं पडद्याकडे नीट पाहिलं.

"काळोख. आणि त्यात नुसती अक्षरं."

"मलाही अगदी तेच दिसतंय," आत्या म्हणाली.