ॲनिशाची सही

आगाशीच्या एका दुकानात टी-शर्टवर सह्या करून ॲनिशाने पैसे घेतले, म्हणून कोच सॅन्टन सरांनी तिला कॉलेजच्या फुटबॉल टीममधून काढून टाकलं. क्रिकेट टीममधल्या संस्थाचालकांच्या पुतण्याने पुढच्याच आठवड्यात पैसे घेऊन बॅटवर सह्या केल्या, तेव्हा सर शेजारी उभे राहून टाळ्या वाजवत होते.

ॲनिशा भांडली नाही. ती दुसऱ्या कॉलेजात गेली आणि फायनलमध्ये तिने सरांच्याच टीमवर तीन गोल मारले. प्रत्येक गोलनंतर ती सरांकडे बघत राहिली.

मॅचनंतर सरांची बारावीतली मुलगी सही घ्यायला आली. तीही फुटबॉल खेळायची. सर मागेच उभे होते. ॲनिशाने मुद्दाम मोठ्याने विचारलं, "पुढच्या वर्षी आमच्याकडून खेळतेस का?"


"तुमच्याच कॉलेजचं ठरलंय, ताई. फक्त पप्पांना सांगायचं राहिलंय."