खालून येणारा ठोका

"आजून बोटभर खाली घ्या," आनंदराव मिस्त्री म्हणाले. गेनबाने साखळी सोडली. डिझेल इंजिन जीपच्या पोटात उतरलं आणि मध्येच अडकलं. पेट्रोल इंजिनासाठी केलेली जागा त्याला अपुरी पडत होती.

गेनबाची जीप लढाईच्या काळातली. त्याच्या गावच्या, हिर्डोशीच्या चढणीला तिचं जुनं इंजिन निम्म्यातच धापा टाकायचं. म्हणून गेनबाने पुण्याच्या जुन्या बाजारातून हे डिझेल इंजिन आणलं होतं. विकणाऱ्याने शपथेवर सांगितलं होतं, खालचं काम नवं आहे, तळाचं तेलाचं चेंबर उघडूसुद्धा नका. सोमवारी गेनबाच्या सुनेला भोरच्या दवाखान्यात आणायचं होतं. पोटात पोर आडवं होतं. हिर्डोशीला एसटी दिवसातून एकदा येई, तीही आली तर. शनिवार आणि रविवार, एवढेच दोन दिवस हातात होते.

आनंदराव गाडीकाम पलटणीच्या वर्कशॉपमध्ये शिकलेले. गेनबा पानशेतच्या धरणावर ड्रायव्हर होता, त्यामुळे त्याच्या हाताला पाना नवा नव्हता. शनिवारभर दोघे आनंदरावांच्या भोरच्या गॅरेजात इंजिनाच्या दोन बाजूंना उभे राहून राबले. इंजिनाचे पाय कापून पुन्हा जोडले. रेडिएटर चार बोटं पुढे सरकवला. गिअरबॉक्स इंजिनाला जोडायची लोखंडी प्लेट कानशीने घासता घासता आनंदरावांच्या तळहाताला फोड आले.

गेनबाला एक गोष्ट कळली नव्हती. आनंदरावांना ऐकू येत नव्हतं. गेल्या दोन वर्षांत आवाज एकेक करून निघून गेले होते. त्यांनी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. बहिऱ्या मिस्त्रीकडे गाडी कोण आणणार? ते समोरच्याचे ओठ वाचत. इंजिनावर तळवा ठेवून त्याची थरथर ओळखत. पेट्रोल गाड्यांवर तेवढ्याने भागत होतं.

रविवारी दुपारी इंजिन सुरू झालं. काळ्या धुराचा लोट निघाला, मग धूर पांढुरका झाला. गेनबाने आनंदाने बॉनेटवर थाप मारली आणि तो डबा घेऊन डिझेल आणायला पळाला. आनंदरावांनी इंजिनावर हात ठेवला. सगळी जीपच थरथरत होती. डिझेल थरथरायचंच. हाताला काही निराळं लागेना. चाललंय की, असं त्यांनी मनाला सांगितलं.

तेवढ्यात पिठाने भरलेले हात तसेच घेऊन त्यांची बायको लीलाबाई स्वयंपाकघरातून धावत आली. ती थेट त्यांच्या तोंडासमोर उभी राहिली.

"अवं, बंद करा! ठोकतंय ते!"

"डिझेल हाय. ठोकणारच."

"ह्यो ठोका निराळा. खालनं येतोय. कोरड्या उखळात मुसळ पडल्यागत."

आनंदरावांनी इंजिन बंद केलं, पोतं पसरलं आणि ते जीपखाली शिरले. तेल काढलं, चेंबर उतरवलं. तिसऱ्या पिस्टनच्या रॉडचा एक नट दोन आटे सुटला होता. हाताने फिरला. वरंध्याच्या घाटरस्त्यावर रॉड इंजिन फोडूनच बाहेर आला असता. आत पोटुशी पोरगी असती.

त्यांनी एकेक नट आवळला. प्रत्येक नट पुन्हा एकदा तपासला. बाहेर आले तेव्हा लीलाबाई तिथेच पायरीवर बसली होती. हातावरचं पीठ वाळून गेलं होतं.

"तुला ठोका कसा कळला?"

"बावीस वर्सं झाली. माझी चूल आन तुमचं ग्यारेज, मधी एकच पत्रा हाय."

आनंदराव तिच्याशेजारी बसले. त्यांनी विचारलं, "आन माझं? ते कधीपासनं ठावं हाय?"

"मागल्या साली तुमच्या पाठीमागं पिंपाचं झाकण पडलं. तुमी मान सुदिक वळवली न्हाई."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी लपवत हुता. म्या कशाला उघडं पाडू?"

हल्ली ती प्रत्येक गोष्ट समोर येऊन का बोलते, गिऱ्हाईक दारात आलं की पाण्याचा तांब्या घेऊन आधी आपल्यापुढे का येते, हे आनंदरावांना तेव्हा उमगलं. वय वाढलं तशी बायको धीट झाली, असं ते आजवर समजत होते.

गेनबा डबा घेऊन परत आला. नट सुटला होता, तो आवळला, एवढंच त्यांनी त्याला सांगितलं. दिवस मावळायच्या आत जीप हिर्डोशीकडे गेली.

सोमवारी दुपारी गेनबा गॅरेजच्या दारात उतरला तो हसतच. सुनेला दवाखान्यात ठेवलं होतं. वेळेवर आणलंत, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. दारात रखमाजी आपला ट्रक घेऊन आला होता. त्याच्या तीन पेट्रोल ट्रकांचं काम आनंदरावांकडे असे. गेनबाने त्याचा दंडच धरला.

"रखमाजी, ह्या मिस्त्रीच्या कानाला तोड न्हाई बघा! चालू इंजिनात एक नट सुटल्याला वळखला!"

आनंदरावांनी त्याचे ओठ वाचले. त्यांनी लीलाबाईकडे पाहिलं. ती पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. हे गुपित ती आणखी बावीस वर्षं सांभाळायला तयार होती.

"त्यो कान माझा न्हाई," आनंदराव म्हणाले. "मला ऐकू येत न्हाई, रखमाजी. दोन वर्सं झाली. ठोका हिनं वळखला."

रखमाजीने आनंदरावांकडे पाहिलं, मग लीलाबाईकडे. तो ट्रकमध्ये चढला. आता हा निघून जाणार, असं आनंदरावांना वाटलं. रखमाजीने इंजिन सुरू केलं आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"वैनी, जरा म्होरं या. ह्याला काय झालंय, सांगा बरं."