बाईंचा निवाडा

“तू कॉपी केली नव्हतीस, मयूर. तेवढं सांगायला आलेय,” सरोजिनीबाई दारातच म्हणाल्या. लालबागच्या चाळीचे तीन जिने चढून त्यांना धाप लागली होती.

मयूरनं त्यांना खुर्ची दिली. हल्ली तो लोअर परळच्या टॉवरांतल्या लिफ्ट दुरुस्त करतो. अठरा वर्षांपूर्वी गिरगावच्या शाळेत तो बाईंचा दहावीतला विद्यार्थी होता.

“आई, चहा टाक गं. शाळेतल्या बाई आल्यात.”

पडद्यामागे भांडं वाजलं. बाहेर मात्र कोणी आलं नाही.

त्या वर्षी सहामाहीला इंग्रजीच्या पेपरात ‘ॲडज्युडिकेट’चा अर्थ लिहून वाक्यात उपयोग करायचा होता. मयूरनं लिहिलं, दोन भाऊ बांधावरून भांडले आणि शेवटी त्यांनी नदीलाच निवाडा करायला सांगितलं. विक्रांत कोठारेचं वाक्यही शब्दन् शब्द तेच!

विक्रांत बाईंच्याच घरी, त्यांच्या यजमानांकडे शिकवणीला यायचा. घरंदाज, हुशार मुलगा. मयूर बंद पडलेल्या गिरणीतल्या कामगाराचा पोरगा, इंग्रजीत जेमतेम. बाईंना आणखी पुरावा कशाला हवा होता? शाळेतलं घरी बोलायचं नाही हा त्यांचा बाणा, त्यामुळे यजमानांच्याही कानावर घातलं नाही. शाळेनं मयूरचा बोर्डाचा फॉर्म अडवला. तो पुन्हा शाळेत आलाच नाही.

“परवा जुन्या कागदांत परीक्षेच्या बैठकीचा नकाशा सापडला,” बाई म्हणाल्या. “तू पुढच्या बाकावर, विक्रांत तुझ्या मागे. म्हणजे कॉपी त्यानं केली. मेलं माझं डोकं! दोन्ही बाजू ऐकून न्याय करायचा, असा अर्थ वर्गात शिकवला मीच, आणि तुला एका शब्दानं विचारलं नाही. चुकले रे मी. रात्र रात्र झोप नाही मला.”

मयूर आत जाऊन चहा घेऊन आला. बिनसाखरेचा, गवती चहा घातलेला. बाईंना आवडतो अगदी तसाच. त्यांना जरा बरं वाटलं.

“आता विक्रांतला पत्र लिहिते, शाळेलाही कळवते. चोर कोण ते कळू दे सगळ्यांना.”

“नका बाई. त्यानं माझं बघितलं नव्हतं.”

“मग वाक्य एकच कसं?”

“सरांनी शिकवणीत सांगितलं होतं ते.”

“अरे, पण तू कुठे येत होतास शिकवणीला?”

मयूरनं एकदा पडद्याकडे पाहिलं.

“तुमच्याकडे पोळ्या करायला अंबिका यायची ना, ती माझी आई. ती पोळ्या लाटायची आणि मी ओट्याखाली वही घेऊन बसायचो. पोरगा फुकटात शिकतोय हे तेव्हा सांगितलं असतं, तर तुम्ही तिला कामावर ठेवलं असतं, बाई?”