निरोप्याचं पद

चर्चच्या संगीत नाटकात योनाथान साळवे इफ्ताहची भूमिका करत होते. बायबलमधल्या या सेनापतीच्या नवसापायी त्याच्याच लेकीचा बळी जातो. जुन्या रिवाजानुसार मरण रंगमंचावर दाखवायचं नव्हतं; निरोप्या येऊन ते गाऊन सांगणार होता.

"हे पद लांबतंय, कापू या," तालमीत दिग्दर्शिका मार्थाबाई म्हणाल्या.

"राहू द्या, बाई. बापाला सगळं कळू दे," साळवे म्हणाले.

प्रयोगात निरोप्या झालेली शीला गायली: लेक कशी चालत गेली, जाताना काय बोलली. त्यानंतर साळव्यांना गायचं होतं. ते नुसतेच रडत राहिले. पेटीवाला वाजवत राहिला.

पडदा पडल्यावर ते शीलाला म्हणाले, "आमची लेक रिबेका वारली तेव्हा मी फौजेत, सीमेवर होतो. ती कशी गेली, ते मला कुणी सांगितलंच नाही. आज बरं वाटलं, पोरी."

शीला रिबेकाची मैत्रीण. ती म्हणाली, "शेवटी तिच्याजवळ मीच होते, काका. तुम्ही कधी विचारलं नाहीत, मलाही धीर झाला नाही."

साळव्यांनी तिच्यासाठी खुर्ची ओढली. "उपकार होतील, पोरी. सावकाश सांग."