ताजा कलम

साहेबांच्या नावाने येणारी पत्रं मी फोडते. नळ, पेन्शन, रस्ता... पहिली ओळ वाचली की पुढचं कळतंच. मग तळाशी शिक्का मारायचा: "पाहिले". वीस वर्षं हेच करतेय, मला कुणी शहाणपणा शिकवू नये.

आज दुपारी शाई संपली. शिक्का उमटलाच नाही, आणि त्या जागी एक ओळ दिसली.

"ता. क. बाई, शिक्का खाली ठेवा."

"कोणीतरी चेष्टा करतंय," मी शिपाईकाकांना म्हणाले.

त्यांनी दुसरं पत्र पुढे केलं. गाव वेगळं, अक्षर वेगळं, शेवटची ओळ तीच. तिसऱ्यातही तीच.

आम्ही रॅकमधले जुने गठ्ठे सोडले. कागद उजेडात धरला की माझ्या प्रत्येक शिक्क्याच्या शाईखाली तीच ओळ दिसत होती. अगदी माझ्या पहिल्या दिवसापासून.

"बाई," काका कुजबुजले, "ठेवा की मग."

मी शिक्का टेबलावर ठेवला.

छताला टेकलेल्या त्या गठ्ठ्यांतून कागदांची सळसळ उठली आणि खोलीभर पसरली. वीस वर्षं ताटकळत उभी असलेली माणसं एकदम खाली बसावीत, तशी.